बाजार पडला की पदवी लांबते का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकऱ्यांचा बाजार वाईट असला की कॉलेजातली मुलं पदवी मुद्दाम लांबवतात का, तेजीत लवकर सुटतात का, आणि लांबवून हाती काही लागतं का?

मी विद्यापीठात शैक्षणिक सल्लागार आहे. शेवटच्या वर्षातल्या मुलांचे राहिलेले विषय, क्रेडिटचा हिशेब, मुदतवाढीचे अर्ज हे माझं रोजचं काम. त्यावरून आधी एवढं सांगतो की बाजाराचा परिणाम होतो, पण बातम्यांमध्ये वाचायला मिळतो तितका सरळ होत नाही. एकाच वर्गातल्या काही मुलांना मंदी थांबवून धरते आणि काहींना घाईने बाहेर काढते. दोघांची सरासरी काढली की फरक किरकोळ दिसतो आणि लोक म्हणतात, काही परिणामच नाही. शिवाय ज्यांची पदवी लांबते त्यातल्या बहुतेकांनी तसं ठरवलेलं नसतं. बाजार त्यांच्या आयुष्यात मागच्या दाराने शिरलेला असतो.

आधी ठरवून थांबणाऱ्यांचं बघू. अर्थशास्त्राचा हिशेब सोपा आहे. आणखी एक वर्ष शिकण्याची किंमत म्हणजे फी, राहण्याचा खर्च आणि त्या वर्षात बुडालेला पगार. यात बहुतेक वेळा तिसरा आकडा सगळ्यात मोठा असतो. मंदीत नोकरी मिळण्याची शक्यता कमी आणि मिळालीच तर पगार कमी, त्यामुळे बुडणारा पगार घटतो आणि थांबणं स्वस्त पडतं. ज्युलियन बेट्स आणि लॉरेल मॅकफार्लंड यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांचे, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजांचे, आकडे मांडले होते. प्रौढांमधला बेरोजगारीचा दर एका टक्क्याने चढला की पूर्णवेळ शिकणाऱ्यांची संख्या सुमारे ४ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. कॉलेजात शिरण्याला जो हिशेब लागू तोच बाहेर पडण्यालाही लागू व्हायला हवा, असं कुणालाही वाटेल. तो लागू होतो, पण अर्धाच.

कारण फी रोख भरावी लागते आणि बुडालेला पगार कुणी रोख मागत नाही. मंदीत घरातल्या कमावत्या माणसाची नोकरी गेली की त्या मुलाला 'तुझं थांबणं आता स्वस्त झालंय' हे सांगून उपयोग नसतो. अशी मुलं उलट एका सत्रात झेपतील त्यापेक्षा जास्त विषय घेतात, सुट्टीतलं सत्र करतात, ऐच्छिक विषय सोडून किमान क्रेडिटवर पदवी घेऊन मोकळी होतात. मंदीत थांबण्याची चैन ज्याच्या घरात पैसा टिकून आहे त्यालाच परवडते. ठरवून थांबणारे कोण आणि ढकलले जाणारे कोण, हे बहुतेकदा घरची परिस्थिती ठरवते. मार्कांचा त्यात फारसा वाटा नसतो.

मुद्दाम लांबवलेली पदवी फाइलवर ओळखू येते. मुलाचे १२० पैकी ११७ क्रेडिट झालेले असतात, आधीच्या सत्रांत एकही विषय सोडलेला नसतो आणि शेवटच्या सत्रात, विषय मागे घेण्याची मुदत संपता संपता, नेमका एक अनिवार्य विषय मागे घेतलेला असतो. तारीख बघितली तर कंपन्यांच्या मुलाखतींचा हंगाम नुकताच उरकलेला असतो. किंवा प्रबंध मार्गदर्शकाच्या टेबलावर पूर्ण होऊन पडलेला असतो, जमा मात्र होत नाही. किंवा शेवटच्या वर्षात अचानक दुसऱ्या एका विषयात दुय्यम पदवी करायची इच्छा होते. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पदवीसाठीचा अर्जच न भरणं. बऱ्याच विद्यापीठांत सगळे विषय झाले तरी पदवी आपोआप मिळत नाही, विद्यार्थ्याने अर्ज करावा लागतो. ही पळवाट मुलांना आमच्या आधी माहीत असते.

अर्थात हे सगळीकडे शक्य नसतं. जिथे अभ्यासक्रम वर्षांनी बांधलेला आहे आणि सगळा वर्ग एका तारखेला बाहेर पडतो, तिथे पदवी लांबवायला नापास होण्यावाचून मार्ग नसतो आणि ते कुणी हौसेने करत नाही. तिथे मंदीचा परिणाम पदव्युत्तर प्रवेशांच्या रांगेत दिसतो. जिथे क्रेडिट पद्धत आहे किंवा प्रबंधाला पक्की मुदत नाही, तिथे पदवीची तारीख रबरासारखी ताणता येते. दोन देशांची तुलना करताना हा फरक विसरला की भलतेच निष्कर्ष निघतात.

मग बाहेर पडून नोकरी शोधण्यापेक्षा आत राहून शोधणं मुलांना बरं का वाटतं? कारण अर्ज वाचणाऱ्याला 'विद्यार्थी' आणि 'बेरोजगार' हे दोन शब्द सारखे वाटत नाहीत. क्रॉफ्ट, लांग आणि नोटोविडिग्डो या तिघांनी अमेरिकेत हजारो बनावट अर्ज कंपन्यांना पाठवून पाहिलं. उमेदवार जितका जास्त काळ रिकामा, तितकी मुलाखतीची बोलावणी कमी, आणि ही घट मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतच होते, असं त्यांना दिसलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जिथे बाजार तेजीत होता तिथे ही घट जास्त तीव्र होती. मंदीत माणूस रिकामा बसला तर मालक थोडं समजून घेतो. तेजीत मात्र 'याच्यातच काही खोट असेल' असा संशय घेतो. म्हणजे 'बेरोजगार' या शिक्क्याची भीती मंदीत जेवढी वाटते, त्या मानाने तो शिक्का मंदीतच कमी बोचतो. हे मुलांना सांगितलं तर पटत नाही, पण आकडे तसे आहेत.

ही भीती जिथे पूर्णपणे खरी ठरली ती जागा म्हणजे जपान. तिथल्या मोठ्या कंपन्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांना आधीच निवडून ठेवतात आणि १ एप्रिलला सगळ्यांना एकदम कामावर घेतात. ती संधी ज्याची हुकली त्याला पुढे 'नवा पदवीधर' म्हणून कुणी मोजत नसे. १९९० च्या दशकात बाजार गोठला आणि जवळपास दहा वर्षं गोठलेलाच राहिला. त्या काळात निवड न झालेल्या मुलांनी आणखी एक वर्ष कॉलेजातच काढून पुढच्या हंगामात पुन्हा नवा पदवीधर म्हणून उभं राहणं हा अगदी शहाणपणाचा निर्णय होता. शेवटी २०१० मध्ये तिथल्या कामगार खात्याने मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि पदवीनंतर किमान तीन वर्षं उमेदवाराला नवा पदवीधर म्हणूनच अर्ज करू द्यावा, असं कंपन्यांना सांगितलं. सूचना आली म्हणून सगळ्या कंपन्यांची सवय बदलत नाही. पण पदवी लांबण्यामागचं कारण भरतीच्या नियमात होतं, हे यातून मान्य झालं.

दक्षिण कोरियात सगळे विषय संपवूनही पदवी न घेता थांबणाऱ्या मुलांची संख्या इतकी वाढली की विद्यापीठांनी त्यांच्यासाठी रीतसर 'पदवी स्थगिती' ठेवली. काही ठिकाणी त्या काळातही एखादा विषय घ्यायला लावून त्याची फी वसूल होऊ लागली. मुलांनी आरडाओरडा केला आणि २०१८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ही सक्ती बंद झाली.

विद्यार्थी असण्याचे आणखी काही फायदे असतात, ते बाजाराशी जोडलेले असले तरी दिसत नाहीत. अमेरिकेत सरकारी शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे कॉलेज सोडल्यावर सहा महिन्यांनी सुरू होतात. नोकरी नसताना हप्ता सुरू होणार असेल, तर एखादं सत्र अर्धवेळ शिकत राहून तो पुढे ढकलण्याचा मोह होतोच. २०१० च्या आरोग्य कायद्याने मुलांना वयाच्या २६ व्या वर्षापर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहू दिलं. त्याआधी बऱ्याच विमा योजनांत मोठ्या मुलाला पूर्णवेळ विद्यार्थी असेपर्यंतच संरक्षण मिळे. कुणी एक सत्र जास्त का थांबलं याचं उत्तर कधीकधी अशा कलमात असतं. परदेशातून आलेल्या मुलांच्या बाबतीत पुष्कळदा व्हिसाची मुदत हेच कारण असतं. अशी मुलं माझ्यासमोर बसली की बाजाराची चर्चा न करता मी आधी तारखा विचारतो.

आता मागच्या दाराचं, म्हणजे न ठरवता लांबणाऱ्या पदवीचं. माझ्या मते खरा मोठा परिणाम इथे आहे आणि त्याबद्दल बोलणारे कमी आहेत.

जॉन बाउंड, मायकेल लव्हनहाइम आणि सारा टर्नर यांनी अमेरिकेतल्या दोन पिढ्या ताडून पाहिल्या, १९७२ मध्ये शाळा संपवणारी आणि १९९२ मध्ये संपवणारी. आठ वर्षांच्या आत पदवी मिळवणाऱ्यांपैकी ती चार वर्षांतच मिळवणाऱ्यांचं प्रमाण ५८ टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर आलं होतं. ही घसरण नामांकित विद्यापीठांत नव्हती. ती साध्या सरकारी विद्यापीठांत आणि कम्युनिटी कॉलेजांतून पुढे आलेल्या मुलांत होती. मुलं शाळेतून कच्ची येतात म्हणून हे झालं, असं म्हणावं तर त्याला आधार मिळाला नाही. दोन गोष्टींना आधार मिळाला. एक म्हणजे दर विद्यार्थ्यामागे कॉलेजचा खर्च आक्रसला होता. दुसरी म्हणजे मुलं शिकता शिकता पूर्वीपेक्षा जास्त तास नोकरी करू लागली होती.

या दोन्ही गोष्टी बाजाराच्या तब्येतीवर हलतात, आणि गंमत म्हणजे विरुद्ध दिशांना. मंदीत सरकारचा महसूल घटतो, विद्यापीठांचं अनुदान कापलं जातं, तासिका तत्त्वावरचे शिक्षक आधी कमी होतात. मग ज्या अनिवार्य विषयाच्या चार तुकड्या होत्या त्याच्या दोन उरतात आणि नोंदणी उघडताच भरतात. जागा न मिळालेल्या मुलाला तो विषय पुढच्या वर्षी मिळतो आणि पुढच्या पायरीचे विषय त्यावर अवलंबून असतील तर पूर्ण वर्ष जातं. या मुलाने बाजार बघून काहीही ठरवलेलं नाही. तरी त्याची पदवी मंदीमुळेच लांबली.

दुसरीकडे, मंदीत अर्धवेळ कामं आटतात. काम नाही म्हणून मुलगा वर्गात बसतो आणि पदवी वेळेत होते. फिनलंडमध्ये १९९२ साली मुलांनी नोकरी न करता लवकर शिकून व्हावं म्हणून विद्यार्थ्यांचं अनुदान वाढवलं गेलं. त्याच सुमारास तिथे भीषण मंदी आली आणि बेरोजगारी १९९० मधल्या सुमारे ३ टक्क्यांवरून १९९४ पर्यंत १६ टक्क्यांच्या वर गेली. पदवीचा काळ घटला तेव्हा श्रेय सुधारणेला देणं सोपं होतं. नंतर केलेल्या विश्लेषणात मात्र त्यातला मोठा वाटा बेरोजगारीचा निघाला. मंदीने पदवी लांबते असं धरून चालणाऱ्याला हे उदाहरण अडचणीचं आहे.

तेजीचंही तसंच. तेजीत मुलं लवकर पदवी घेतात, हे हातात नोकरीचं पत्र असलेल्या शेवटच्या सत्रातल्या मुलाबाबत खरं आहे. रुजू होण्याची तारीख ठरलेली असते आणि राहिलेला प्रकल्प तो कसाही संपवतो. पण दुसऱ्या वर्षातल्या मुलाला तेजीत आठवड्याला वीस तासांचं काम सहज तीस तासांवर नेता येतं, मग विषय कमी घेतले जातात आणि पदवी सरकत जाते. काही तर सोडूनच जातात. अमेरिकेत २००० नंतर घरांच्या किमती चढल्या तेव्हा बांधकाम आणि विक्रीत तरुणांना चांगले पैसे मिळू लागले. चार्ल्स, हर्स्ट आणि नोटोविडिग्डो यांनी दाखवलं की जिथे ही तेजी जोरात होती तिथे कॉलेजात जाणाऱ्यांचं प्रमाण घटलं, विशेषतः दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांत. पुढे फुगा फुटला, पण ती सगळी मुलं काही परत कॉलेजात आली नाहीत.

इथे आकडे वाचणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना. 'पदवीला लागणारा सरासरी काळ' हा आकडा पदवी मिळालेल्यांवरूनच काढतात. तेजीत रखडलेली मुलं नोकरीला लागून गळाली की सरासरी सुधारल्यासारखी दिसते. मंदीत तीच मुलं परत येऊन सातव्या-आठव्या वर्षी पदवी घेतात आणि सरासरी बिघडते. खरं म्हणजे हे चांगलं लक्षण असतं. म्हणून माझ्यापुढे असा आकडा आला की मी आधी विचारतो, एकाच वर्षी प्रवेश घेतलेल्या किती जणांपैकी किती जण सुटले?

आता लांबवण्याचा फायदा होतो का, ते बघू.

वाईट वर्षात बाहेर पडण्याची किंमत खरी आहे. लिसा कान यांनी अमेरिकेत १९७९ ते १९८९ मध्ये पदवी घेतलेल्या गोऱ्या पुरुषांचा माग काढला. बेरोजगारीचा दर एका टक्क्याने जास्त असताना बाहेर पडलेल्यांचा सुरुवातीचा पगार सुमारे ६ ते ७ टक्क्यांनी कमी होता आणि १५ वर्षांनंतरही अडीच टक्क्यांची तूट शिल्लक होती. कॅनडाचे आकडे वापरून ओरियोपोलस, फॉन वाख्टर आणि हाइस यांनी काढलेलं चित्र थोडं सौम्य आहे: मोठ्या मंदीत सुटलेल्यांची कमाई सुरुवातीला सुमारे ९ टक्क्यांनी कमी, पाच वर्षांत ती तूट निम्मी आणि दहा वर्षांत जवळपास भरून निघालेली. भरून निघते ती मुख्यतः नोकरी बदलून, छोट्या कमी पगाराच्या जागेतून चांगल्या कंपनीत सरकत सरकत. ज्यांच्या शाखेला आणि कॉलेजला मागणी आहे ते लवकर सरकतात, बाकीचे तिथेच अडकतात.

या दोन्ही अभ्यासांत प्रत्यक्ष पदवीच्या वर्षावर पूर्ण विसंबलेलं नाही. कान यांनी जन्मवर्षाचा आधार घेतला. कॅनडाच्या अभ्यासात प्रवेशाचं वर्ष आणि अभ्यासक्रमाचा ठरलेला काळ यांवरून पदवीचं वर्ष काढलं. कारण उघड आहे. थांबू शकणारे थांबत असतील, तर मंदीच्या वर्षात प्रत्यक्ष सुटलेला वर्ग हा आधीच गाळून उरलेला वर्ग असतो.

हे आकडे ऐकून लोक म्हणतात, मग थांबलेलंच बरं. पण वर्षभर थांबल्यावर बाजार सुधारलेला असेल, हे कुणी सांगितलं? २००९ मध्ये अमेरिकेतला बेरोजगारीचा सरासरी दर ९.३ टक्के होता. त्या वर्षी जो थांबला तो २०१० मध्ये बाहेर आला तेव्हा दर ९.६ टक्के होता, म्हणजे आणखी वाईट. मंदी २००९ च्या जूनमध्येच 'संपली' होती, पण ती उत्पादनाच्या हिशेबाने. बेरोजगारी त्यानंतर ऑक्टोबरमध्ये १० टक्क्यांवर गेली आणि ५ टक्क्यांवर यायला २०१५ उजाडलं. इतकी वर्षं कोण कॉलेजात थांबणार? उलट २०२० चं बघा. एप्रिलमध्ये दर १४.७ टक्के, आणि वर्षभराने तो साधारण ६ टक्क्यांवर. त्या वेळी एक वर्ष थांबलेला मुलगा नशीबवान ठरला. दोन्ही वेळी मुलांसमोरचा प्रश्न एकच होता आणि त्या क्षणी दोन्ही मंदी सारख्याच काळ्याकुट्ट दिसत होत्या. बँका आणि कर्जं यांतून आलेली मंदी हळू निवळते, बाहेरच्या कारणाने कामकाज थांबवावं लागलं तर ते सुरू झाल्यावर झपाट्याने सुधारते, एवढा ढोबळ अंदाज करता येतो. त्यावर एखाद्याचं वर्ष पणाला लावायला मी तयार नसतो. शिवाय थांबलेले सगळे पुढच्या वर्षी त्या वर्षीच्या मुलांबरोबर एकाच दारात उभे राहतात.

मुलं विचारायला आली की मी बाजाराच्या भाकितात फार शिरत नाही. पहिला प्रश्न विचारतो: तुला ज्या जागा हव्यात तिथे पदवीचं वर्ष बघतात का? भरती विद्यार्थ्यांपुरतीच असेल, इंटर्नशिपला नोंदणीकृत विद्यार्थीच लागत असेल आणि ती इंटर्नशिप हातात असेल, तर एक सत्र थांबण्यात अर्थ आहे. नुसतं 'बाजार सुधारेपर्यंत' म्हणून थांबण्यात मला तो दिसत नाही. दुसरा प्रश्न: जास्तीच्या सत्रात काय करणार? अर्ज वाचणारा माणूस शेवटच्या वर्षाचं गुणपत्रक उघडतो. तिथे एका सत्रात एकच हलका विषय दिसला, तर विद्यार्थी म्हणून मिळणारी सवलत तिथेच संपते. तिसरा प्रश्न पैशाचा, आणि त्याचं उत्तर मी पालकांसमोर मागतो, कारण मुलं एकटी असली की फीचा आकडा सांगतात आणि राहण्याचा खर्च विसरतात.

एक मधला मार्ग पुष्कळांना माहीत नसतो. विषय पूर्ण झाले असतील आणि पदवीदान लांब असेल, तर परीक्षा विभागाकडून 'सर्व आवश्यकता पूर्ण' असं पत्र घेता येतं. बऱ्याच कंपन्यांना रुजू करून घ्यायला तेवढं पुरतं, आणि कागदोपत्री पदवीची तारीख पुढच्या समारंभाचीच राहते. अर्ज करण्यापूर्वी मात्र एक गोष्ट विचारून घ्या: हे पत्र दिल्यानंतर तुमची विद्यार्थी म्हणून नोंदणी चालू राहते की त्याच दिवशी बंद होते. यात प्रत्येक विद्यापीठाचा नियम वेगळा आहे, आणि कर्जाचा हप्ता, विमा, व्हिसा हे सगळं त्याच तारखेपासून मोजलं जातं.